रात्रभर राखण आणि पोटाला भाकरी: मेंढपाळांच्या कुत्र्यांना खरंच किती आणि काय खायला लागतं?

दिवसभर मेंढरांसोबत चालायचं आणि रात्रभर वाघरीभोवती जागायचं. धनगर वाड्यावरच्या कुत्र्याचं हे रोजचं काम. त्याला सुट्टी नसते, पाऊस-थंडीचं कारण चालत नाही. या कामाच्या मोबदल्यात त्याला मिळते भाकरी. कधी दुधात कुस्करलेली, कधी ताकात भिजवलेली, तर कधी नुसती कोरडी.

अहिल्यानगर जिल्ह्यातच नव्हे, तर दख्खनच्या पठारावर पिढ्यान् पिढ्या हीच पद्धत चालत आली आहे. पण कष्टाचं काम करणाऱ्या कुत्र्याला भाकरी पुरते का? घरातल्या पाळीव कुत्र्यापेक्षा त्याची गरज किती जास्त असते? आणि शर्यतीत पळणाऱ्या कारवानी कुत्र्यालाही तोच नियम लागू होतो का?

थोडक्यात उत्तर असं: भाकरी वाईट नाही, एकटी भाकरी अपुरी आहे. आणि ही उणीव भरून काढायला महागडी पाकिटंच लागतात असंही नाही.

अहिल्यानगरमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. ज्यांच्या नावावरून जिल्ह्याला आज हे नाव मिळालं आहे, त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म 1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी, धनगर कुटुंबात झाला. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. कमी पाऊस, माळरानं आणि खुरटं गवत, त्यामुळे मेंढपाळी इथे मूळ धरून आहे. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे गाव तर मेंढपाळांसाठीच ओळखलं जातं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे.

पावसाळा संपला की अनेक वाडे बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात. घोड्यावर संसार, पुढे मेंढरं, सोबत कुत्री. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली जातात. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री उघड्या रानात, जाळीच्या वाघरीत मेंढरं कोंडली जातात. त्यांच्या आणि जनावराच्या मध्ये उभं असतं ते फक्त कुत्रं.

जनावर म्हणजे माळावर लांडगा आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या. प्रवरा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यात उसाचं क्षेत्र मोठं आहे आणि उंच, दाट ऊस बिबट्याला लपायला सोयीचा असतो.

इथे अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासाचा उल्लेख करावा लागेल. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. हा अभ्यास 2014 मध्ये 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, म्हणजे 39 टक्के होता. त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती, तरी बिबट्याच्या आहारात शेळ्यांचा वाटा 11 टक्केच भरला.

हा अभ्यास गावातल्या सगळ्याच कुत्र्यांबद्दल आहे, फक्त मेंढपाळांच्या कुत्र्यांबद्दल नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. शेळ्या-मेंढ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्रं मोकळं असतं. भुकेलं कुत्रं अन्न शोधत वाड्यापासून लांब, गावाच्या उकिरड्यापर्यंत भटकतं. तिथे ते स्वतः भक्ष्य होतं आणि मागे कळप उघडा पडतो. त्यामुळे कुत्र्याच्या पोटाचा प्रश्न हा मेंढरांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.

सगळ्या कामांना सारखाच आहार लागतो का?

नाही. कष्टाचं काम करणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिला गट थोडा वेळ पण जीव तोडून पळणाऱ्यांचा. शर्यतीतले ग्रेहाउंड किंवा आपल्याकडचे कारवानी यात येतात. त्यांचं काम एखाद्या मिनिटात संपतं. इतक्या कमी वेळात स्नायू मुख्यतः साठवलेल्या पिष्टमय साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर चालतात.

दुसरा गट तासन् तास पळणाऱ्यांचा. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अलास्कातल्या बर्फावर गाडी ओढणारी स्लेज कुत्री. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अशा एका कुत्र्याला दिवसाला 10,000 कॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. ही कुत्री साधारण 25 किलो वजनाचीच असतात. त्यांचं शरीर प्रामुख्याने चरबी जाळून चालतं.

तिसरा गट मधला. शोधकाम करणारी पोलिसांची कुत्री, मेंढरं वळवणारी कुत्री आणि राखणदार कुत्री यात मोडतात. मेंढपाळाचं कुत्रं याच गटातलं. ते दिवसभर संथ चालतं, अधूनमधून धावतं आणि रात्री जनावराची चाहूल लागली की एकदम झेपावतं. त्याला चरबीही लागते आणि पिष्टमय पदार्थही.

एक फरक इथे लक्षात घ्यायला हवा. बॉर्डर कॉलीसारखी परदेशी कुत्री मेंढरांना वळवण्याचं काम करतात. आपल्याकडची धनगरी कुत्री प्रामुख्याने राखणदार आहेत. कळप हाकायचं काम मेंढपाळ स्वतः करतो. त्यामुळे इंटरनेटवर मिळणारा परदेशी मेंढपाळ कुत्र्यांचा आहारतक्ता जसाच्या तसा इथे लागू होत नाही.

नेमक्या किती कॅलरी लागतात?

पशुवैद्यक यासाठी एक सूत्र वापरतात. कुत्रं काहीही न करता नुसतं पडून राहिलं, तरी श्वास, हृदय, पचन यांसाठी त्याला ठरावीक ऊर्जा लागते. ती काढण्यासाठी कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्यायचं, त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणायचं, आलेल्या आकड्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि शेवटी 70 ने गुणायचं. साध्या कॅल्क्युलेटरवर हे होतं.

उदाहरणार्थ, 20 किलोचं कुत्रं घेऊ. 20 गुणिले 20 गुणिले 20 म्हणजे 8,000. त्याचं वर्गमूळ सुमारे 89. त्याचं पुन्हा वर्गमूळ सुमारे 9.46. त्याला 70 ने गुणलं की साधारण 660 कॅलरी. (इथे कॅलरी म्हणजे खाद्यपदार्थांच्या पाकिटावर छापतात ती किलोकॅलरी.)

घरात राहणाऱ्या पाळीव कुत्र्याला याच्या साधारण दीडपट ऊर्जा पुरते. रोज चालणाऱ्या, राखण करणाऱ्या कुत्र्याला दुप्पट ते तिप्पट लागते. त्यानुसार मेंढपाळाच्या कुत्र्याची रोजची गरज अशी येते:

- 15 किलो वजन: सुमारे 1,050 ते 1,600 कॅलरी
- 20 किलो वजन: सुमारे 1,300 ते 2,000 कॅलरी
- 25 किलो वजन: सुमारे 1,550 ते 2,350 कॅलरी

मुक्काम एकाच ठिकाणी असेल तर खालचा आकडा, स्थलांतर सुरू असेल किंवा कडाक्याची थंडी असेल तर वरचा आकडा धरावा. पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीला यापेक्षाही जास्त लागू शकतं. पिल्लं चार-पाच असतील तर तिच्यासमोर दिवसातून तीन-चार वेळा खाणं ठेवावं.

भाकरीतून काय मिळतं?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'कुत्रं मांसाहारी आहे, त्याला धान्य पचत नाही' असं अनेकदा सांगितलं जातं. हे खरं नाही. 2013 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना करण्यात आली होती. पिष्ट पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त 2 प्रती आढळल्या, तर कुत्र्यांमध्ये 4 पासून 30 पर्यंत. माणसासोबत राहून, माणसाचं उष्टं खाऊन कुत्र्याच्या शरीराने धान्य पचवायची तयारी केलेली आहे. अट एकच, ते शिजलेलं असलं पाहिजे. कच्चं पीठ पाण्यात कालवून दिलं तर ते नीट पचत नाही.

आता भाकरीकडे वळू. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 350 कॅलरी, 11 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅम चरबी असते. ज्वारीत कॅलरी आणि प्रथिनं थोडी कमी, पण चरबी बरीच कमी, दोन ग्रॅमच्या आत असते. थंडीत बाजरी आणि उन्हाळ्यात ज्वारी खायची आपली जुनी सवय कुत्र्याच्या बाबतीतही सोयीचीच आहे.

साधारण 70 ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरी धरली, तर तिच्यातून 240 कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याने दिवसाला 6 भाकरी खाल्ल्या, तर 1,450 च्या आसपास कॅलरी मिळतील. ऊर्जेची गरज जवळपास भागली.

मग अडचण कुठे आहे? तीन ठिकाणी.

1. प्रथिनं कमी पडतात. 6 भाकरींतून 46 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. कष्ट करणाऱ्या 20 किलोच्या कुत्र्याला याच्या जवळपास दुप्पट हवीत. शिवाय धान्यातल्या प्रथिनांत लायसीन नावाचा आवश्यक घटक कमी असतो, त्यामुळे मिळालेली प्रथिनंही पूर्ण कामी येत नाहीत. स्लेज कुत्र्यांवरच्या अभ्यासांत कमी प्रथिनांच्या आहारावर असलेल्या कुत्र्यांना दुखापती जास्त झाल्याचं दिसून आलं आहे. कष्टाच्या कुत्र्याला साधारण एक चतुर्थांश ऊर्जा प्रथिनांतून मिळावी, असं म्हणूनच मानलं जातं.

2. चरबी कमी पडते. एक ग्रॅम चरबीतून धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. लांब चालणाऱ्या कुत्र्याचं शरीर चरबीवरच चालतं. चरबी नसेल तर तितकी ऊर्जा मिळवायला पोट भाकरींनी फुगवावं लागतं, आणि फुगलेल्या पोटाने राखण होत नाही.

3. कॅल्शियम कमी पडतं. धान्यात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम मात्र नगण्य. या दोन्हींचं प्रमाण बिघडलं की हाडं ठिसूळ होतात. वाढत्या पिल्लांचे पाय वाकण्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं.

ही उणीव कशी भरून काढायची?

यासाठी भाकरी बंद करायची गरज नाही. तिच्यातल्या एक-दोन कमी करून त्या जागी दुसरं काही द्यायचं. 20 किलोच्या, रोज काम करणाऱ्या कुत्र्याचा एक दिवसाचा आहार असा असू शकतो:

- बाजरीच्या 4 भाकरी: 960 कॅलरी, 31 ग्रॅम प्रथिनं
- 2 उकडलेली अंडी: 140 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं
- हाडं काढून शिजवलेलं 150 ग्रॅम चिकन: 250 कॅलरी, 40 ग्रॅम प्रथिनं
- 200 मिली शेळीचं दूध: 140 कॅलरी, 7 ग्रॅम प्रथिनं
- 1 मोठा चमचा तेल: 130 कॅलरी

एकूण बेरीज सुमारे 1,600 कॅलरी आणि 90 ग्रॅम प्रथिनं. फक्त भाकरीच्या तुलनेत कॅलरी थोड्याच वाढल्या, प्रथिनं मात्र दुप्पट झाली.

रोज चिकन परवडत नाही किंवा रानात मिळत नाही, हे खरं आहे. अशा वेळी सोयावडी कामी येते. ती कोरडी असते, महिनोन् महिने टिकते आणि बिऱ्हाडात तिचं ओझंही होत नाही. 100 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. 60-70 ग्रॅम सोयावडी नीट उकळून, भाकरीत कुस्करून दिली तर चिकनची बरीचशी जागा भरून निघते. हुलगा, मटकी, मूग हेही शिजवून देता येतात. धान्यात जे लायसीन कमी असतं ते कडधान्यात भरपूर असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र दिली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. माणसाच्या ताटात आमटी-भाकरी एकत्र येते, त्यामागेही हेच गणित आहे. फक्त कुत्र्यासाठीची आमटी बिनकांद्याची, बिनमिरचीची आणि वेगळी काढलेली असावी. सोयावडी किंवा कडधान्याने सुरुवातीला पोटात वायू होऊ शकतो. म्हणून प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावं.

दुधाच्या बाबतीत कुत्र्याकुत्र्यात फरक पडतो. मोठ्या वयाच्या काही कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. अशा कुत्र्याला दुधाऐवजी बिनमिठाचं ताक द्यावं. कळपासोबत थोड्या शेळ्या असतातच, त्यामुळे वाड्यावर दोन्ही मिळू शकतं.

कॅल्शियमसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंड्याचं टरफल. ते उकळून, वाळवून, अगदी बारीक वाटून ठेवावं. अर्धा छोटा चमचा भुकटीतून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. मोठ्या कुत्र्याला रोज तेवढी किंवा थोडी जास्त भुकटी चालते. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला मात्र पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी, कारण त्यांच्यात कॅल्शियम जास्त झालं तरी त्रास होतो.

पाकिटबंद खाद्य द्यायचं असेल तर पाकिटाच्या मागचे आकडे पाहावेत. काम करणाऱ्या कुत्र्यासाठी प्रथिनं 25 ते 30 टक्के आणि चरबी 15 टक्क्यांच्या पुढे असावी.

खायला कधी द्यावं?

काय द्यायचं याइतकंच कधी द्यायचं हे महत्त्वाचं आहे. भरल्या पोटी जोरात धावल्यास पोट वायूने फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. खोल छातीच्या, मोठ्या कुत्र्यांमध्ये हा धोका जास्त. पोट अचानक टम्म फुगणं, ओकारीचा प्रयत्न करूनही काही बाहेर न पडणं, लाळ गळणं आणि अस्वस्थता ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी घरगुती उपाय करण्यात वेळ घालवू नये. काही तासांत कुत्रं दगावू शकतं. तातडीने पशुवैद्यक गाठावा.

म्हणून दिवसाचं सगळं खाणं एकाच वेळी देऊ नये. मेंढपाळाच्या दिनक्रमात बसणारी वाटणी अशी: सकाळी निघण्याआधी थोडा वेळ राखून एक तृतीयांश. उरलेलं दोन तृतीयांश संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर. तेही लगेच नाही. कुत्र्याची धाप थांबू द्यावी, आधी पाणी द्यावं आणि तासाभराने खाणं. अंधार पडायच्या आत खाणं उरकलं, तर रात्रीच्या खऱ्या राखणीपर्यंत पोट हलकं होतं.

अनेक कुत्री एकत्र असतील तर प्रत्येकाला वेगळं आणि थोडं अंतर ठेवून द्यावं. एकाच ताटलीत टाकलं की दांडगं कुत्रं जास्त खातं आणि कमी वयाचं किंवा म्हातारं उपाशी राहतं.

पाण्याचं काय?

भाकरी एक दिवस चुकली तर कुत्रं तग धरतं, पाणी चुकलं तर नाही. नुसत्या बसलेल्या 20 किलोच्या कुत्र्यालाही दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात, चालतीवर असताना ही गरज कितीतरी पटींनी वाढते.

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि त्यातून जाणाऱ्या पाण्याच्या वाफेने शरीर थंड ठेवतं. यात मीठ फारसं जात नाही, पाणी जातं. त्यामुळे त्याला मीठ-साखरेच्या पाण्यापेक्षा साधं, स्वच्छ पाणी जास्त गरजेचं असतं.

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते 41 च्या पुढे गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. कुत्रं झोकांड्या देऊ लागलं, हिरड्या लालभडक झाल्या तर त्याला सावलीत न्यावं, अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि पशुवैद्यकाला बोलवावं.

शर्यतीच्या कारवानीचं गणित वेगळं

कारवानी हा दख्खनचा शिकारी हाउंड. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानाच्या नावावरून त्याला मुधोळ हाउंड असंही म्हणतात. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळचा समावेश होता, आणि पुढे भारतीय लष्करानेही या जातीची कुत्री घेऊन त्यांना प्रशिक्षण दिलं. पश्चिम महाराष्ट्रात कारवानी पाळण्याची हौस जुनी आहे. मात्र ससा किंवा इतर वन्यप्राण्यांवर कुत्री सोडणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

वेगाने पळणाऱ्या कुत्र्याला भरपूर तूप, चरबी आणि मांस हवं असा समज असतो. पण एका मिनिटात संपणाऱ्या धावेसाठी स्नायूंतला ग्लायकोजेन लागतो आणि तो पिष्टमय पदार्थांतून भरून निघतो. त्यामुळे कारवानीच्या आहारात भाकरी किंवा भाताचा वाटा टिकवून त्याला अंडी-मांसाची जोड देणं योग्य. त्याची एकूण कॅलरींची गरजही वाटते तितकी मोठी नसते. सरावाच्या दिवसांत बसल्या गरजेच्या दुपटीच्या आसपास खाणं बहुतेकांना पुरतं. ज्या दिवशी पळायचं आहे त्या दिवशी सकाळी भरपेट देऊ नये. आदल्या संध्याकाळी नेहमीचं, पचायला हलकं जेवण पुरेसं असतं.

कुत्रं ताजंतवानं व्हावं म्हणून चहा, कॉफी किंवा माणसांची उत्तेजक पेयं पाजणं धोकादायक आहे. कॅफिनमुळे कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्राण्यांना क्रूरपणे वागवणं हा 1960 च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मेलेल्या मेंढीचं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला का देऊ नये?

वाड्यावर एखादी मेंढी मेली किंवा कापली, की तिचं आतडं, काळीज, फुफ्फुस कुत्र्यांपुढे टाकलं जातं. कुत्र्याला मांस मिळालं, वायाही गेलं नाही, असा त्यामागचा विचार. पण या एका सवयीची किंमत माणसांना मोजावी लागू शकते.

मेंढीच्या काळजात किंवा फुफ्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. त्या एका जंताच्या असतात. त्यांना हायडेटिड गाठी म्हणतात. अशी गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे असंख्य जंत वाढतात. कुत्र्याला काहीच त्रास होत नाही, ते ठणठणीत दिसतं. पण त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती गवतावरून पुन्हा मेंढीच्या पोटात जातात आणि कुत्र्याच्या केसांवरून, हातावरून, पाण्यातून माणसाच्याही पोटात जातात.

माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. कळते तेव्हा बरेचदा मोठी झालेली असते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्याच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या लहान मुलांना हा धोका सगळ्यात जास्त असतो.

टाळण्यासाठी करायच्या गोष्टी साध्या आहेत:

- कच्चं काळीज, फुफ्फुस, आतडं कुत्र्याला कधीच देऊ नये
- द्यायचंच असेल तर गाठी नसलेला भाग आतपर्यंत पूर्ण शिजवून द्यावा
- मेलेलं जनावर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरावं
- पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्याला नियमित जंतनाशक द्यावं. या जंतावर प्राझिक्वांटेल हे औषध लागू पडतं. धोका जास्त असलेल्या ठिकाणी ते दर सहा आठवड्यांनी देतात
- कुत्र्याला हात लावल्यावर, विशेषतः जेवणाआधी, हात साबणाने धुवावेत

पोल्ट्रीतून फुकट मिळणाऱ्या मेलेल्या कोंबड्यांबाबतही हीच काळजी घ्यावी. कोंबडी कशाने मेली हे माहीत नसताना ती कुत्र्याला देऊ नये.

आणखी काय टाळावं?

कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतात. 'लसणाने जंत जातात' म्हणून तो देणं चुकीचं आहे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट विषारी आहे. शिजवलेली हाडं, विशेषतः कोंबडीची, तुटून टोकदार होतात आणि आतडं फाडू शकतात. बुरशी आलेलं किंवा कुबट वास येणारं पीठ आणि शेंगदाणे देऊ नयेत. त्यातल्या विषाने यकृत खराब होतं, आणि कुत्री या विषाला फार संवेदनशील असतात. 'जनावराला नाही तर कुत्र्याला' असं म्हणून हे पीठ बरेचदा कुत्र्याच्याच वाट्याला येतं.

पुरेसं मिळतंय हे कसं ओळखायचं?

वजनकाटा नसला तरी चालतं. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी. पाठीचा कणा आणि मागची हाडं टोकदार दिसत असतील तर खाणं कमी पडतंय. बरगड्या चाचपूनही लागत नसतील तर जास्त होतंय. कारवानी मुळातच सडपातळ असतो, त्याच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसल्या तरी हरकत नाही.

दर पंधरा दिवसांनी ही तपासणी करावी आणि गरजेप्रमाणे खाणं साधारण एक दशांशाने कमी-जास्त करावं. केस निस्तेज होणं, जखमा लवकर न भरणं, कुत्रं लवकर दमणं आणि माती किंवा विष्ठा खाणं याही सूचना असू शकतात. खाणं भरपूर असूनही कुत्रं वाळत असेल तर आधी जंतांची शंका घ्यावी.

उपाशी कुत्रं जास्त सावध असतं का?

राखणीच्या कुत्र्याला पोटभर घातलं की ते सुस्तावतं, म्हणून त्याला अर्धपोटी ठेवावं, असं अनेक ठिकाणी मानलं जातं. यात तथ्य इतकंच आहे की एका वेळी खूप खाल्लेलं कुत्रं काही काळ जड होतं. त्यावरचा उपाय खाणं दोनदा विभागून देणं हा आहे, उपाशी ठेवणं हा नाही.

कुत्रं भुंकतं, कळपाशी थांबतं, जनावराच्या आडवं जातं, ते भुकेपोटी नाही. लहानपणापासून मेंढरांमध्ये वाढल्याने ते त्यांना आपलं मानतं. अर्धपोटी कुत्र्याचे स्नायू झडतात, ते लवकर थकतं आणि अन्नाच्या वासाने कळप सोडून जातं. म्हणजे ज्या रात्री त्याची खरी गरज असते, त्याच रात्री ते जागेवर नसण्याची शक्यता वाढते.

खंडोबाच्या मूर्तीसोबत कुत्रं असतं आणि पारनेर तालुक्यातल्या कोरठण खंडोबाला जाणाऱ्या भाविकांना ते नवं नाही. कुत्र्याला मान देणारी ही परंपरा वाड्यावर रोजच्या भाकरीच्या रूपाने जिवंत आहेच. त्या भाकरीसोबत दोन अंडी, मूठभर सोयावडी आणि स्वच्छ पाण्याचं भांडं आलं, तर रात्रीची राखण आणखी भक्कम होईल.